वेताळाची अट

लहानपणीं आपण ज्याला भ्यालों, त्याची पुढें पुन्हां एकदां भेट घडावी, असा योग सहसा येत नाहीं. ज्या जिन्याखालच्या काळोखांतून आपण श्वास रोखून धांवत गेलों, तो जिना पाडला जातो. ज्या पिंपळाकडे दिवेलागणीनंतर पाहावयाचें नाहीं असा दंडक होता, तो पिंपळ रस्ता रुंद करतांना तोडला जातो. भय मात्र मनांत कोठें तरी तसेंच राहतें, आणि तें खरोखर एवढें मोठें होतें काय, हें पडताळून पाहण्याचें साधन उरत नाहीं. आमच्या पिढीला ही सोय लाभली आहे. आमचें एक भय दूरचित्रवाणीच्या पडद्यावर होतें. तें जसेंच्या तसें जपून ठेवलेलें आहे, आणि मनांत येईल तेव्हां पाहतां येतें. गेल्या पावसाळ्यांत एका रविवारीं मीं तें माझ्या दहा वर्षांच्या मुलीला शेजारीं बसवून पाहिलें. त्या भयाचें नांव वेताळ. आज त्याच्याविषयींच मी आपणांशीं बोलणार आहें.

१९८५ सालीं दूरदर्शनवर 'विक्रम और बेताल' ही हिंदी मालिका सुरू झाली. तिचे निर्माते रामानंद सागर. त्यांचें 'रामायण' अद्याप यावयाचें होतें. तें १९८७ च्या जानेवारींत आलें. आणि ज्या अरुण गोविल यांना आम्हीं खांद्यावर वेताळ घेऊन स्मशानांतून चालतांना पाहिलें होतें, त्यांनाच मग श्रीराम समजून लोक हात जोडूं लागले. वेताळाची भूमिका सज्जन या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या जुन्या नटानें केली होती. चित्रपटांत उमेदीचीं वर्षें घालवून साठी ओलांडलेला हा गृहस्थ. परंतु मोकळे सोडलेले पांढरे केस आणि तें लांबलचक हसणें, एवढ्या भांडवलावर त्यानें घरोघरच्या मुलांची झोंप उडविली.

आम्ही त्या वेळीं गिरगांवांतील एका चाळींत राहत होतों. आमच्या मजल्यावर चित्रवाणीचा संच एकाच बिऱ्हाडीं होता. रविवारीं दुपार कलली कीं मजल्यावरचीं पंधरा-वीस मुलें त्या लहानशा खोलींत दाटीवाटीनें बसत. ज्यांचा संच, त्यांचीं मुलें सर्वांत पुढें. त्यांच्या मर्जींतलीं त्यांच्या मागें. आणि आम्ही बाकीचे पार उंबऱ्यापर्यंत. प्रत्येक भागाचा सांचा एकच असे. एका योग्यानें राजाला सांगितलेलें असतें, कीं स्मशानांतील झाडावर लटकणारें प्रेत मला आणून दे. राजा तें खांद्यावर टाकून चालूं लागतो. प्रेतांत शिरलेला वेताळ बोलूं लागतो. वाट सरावी म्हणून एक गोष्ट सांगतो. आणि शेवटीं प्रश्न टाकतो. मग ती अट: उत्तर ठाऊक असून दिलें नाहींस, तर तुझ्या डोक्याचीं शकलें होतील, आणि तोंड उघडलेंस, तर मी हा चाललों! राजा उत्तर देतो, वेताळ खदखदां हसत उडून जातो, आणि पुन्हां त्याच झाडाला लोंबकळूं लागतो. तो हसूं लागला कीं मी पुढच्या मुलाच्या पाठीआड तोंड लपवीत असें.

आमची आजी वेंगुर्ल्याकडची. एकदां मला हांक मारावयास ती त्या दारापाशीं आली, आणि नेमका त्याच क्षणीं वेताळ पडद्यावर अवतरला. मुलांनीं किंकाळ्या फोडल्या. आजीनें पदर सांवरला आणि दोन्ही हात जोडले. "भितास कित्याक? तो आमचो राखणदार," असें ती म्हणाली. सारी खोली हसली. मलाहि तिची लाज वाटली. आजी भोळी आणि आपण शहाणे, असें मीं मनाशीं ठरवून टाकलें. तो निवाडा फिरवावयास मला बरींच वर्षें लागलीं, आणि कांहीं जुने ग्रंथ चाळावे लागले.

वेताळाच्या या गोष्टी आज ज्या सर्वांत जुन्या रूपांत आपल्या हातीं आहेत, तें रूप अकराव्या शतकांतील काश्मीरचें आहे. क्षेमेंद्राच्या 'बृहत्कथामंजरी'त त्या आहेत, आणि त्याच शतकांत पुढें सोमदेवानें रचलेल्या 'कथासरित्सागरां'तहि आहेत. सोमदेवानें आपला ग्रंथ राजा अनंत याची राणी सूर्यवती हिच्या मनोरंजनासाठीं लिहिला. त्या राणीचें जिणें सुखाचें नव्हतें. पति आणि पुत्र यांच्यांत वैर माजलें. अखेर अनंतानें आत्मघात केला आणि सूर्यवती त्याच्यामागें सती गेली, असें कल्हणानें 'राजतरंगिणीं'त नोंदविलें आहे. ज्या गोष्टी आम्हीं चणे-फुटाणे खात ऐकल्या, त्या अशा घरांत सांगितल्या गेल्या, जेथें कोणाची बाजू न्यायाची हा प्रश्न रोजचाच होता.

सोमदेवाच्या ग्रंथांत एक गोष्ट अशी सांपडली कीं ती वाचून मी चकित झालों. त्याचा राजा उज्जयिनीचा विक्रमादित्य नव्हे. त्याचें नांव त्रिविक्रमसेन, आणि त्याची नगरी गोदावरीच्या तीरावरील प्रतिष्ठान. प्रतिष्ठान म्हणजे आपलें पैठण! उज्जयिनीचा विक्रम हा पुढच्या लोकप्रिय आवृत्तींनीं त्याच्या जागीं बसविलेला आहे. क्षेमेंद्र आणि सोमदेव हे दोघेहि आपला आधार म्हणून गुणाढ्याच्या 'बृहत्कथे'कडे बोट दाखवितात. पैशाची भाषेंतील तो ग्रंथ आज लुप्त झाला आहे. परंतु गुणाढ्याची आख्यायिकाहि सातवाहन राजाच्या सभेशीं, म्हणजे पैठणशींच, बांधलेली आहे. वेताळाच्या कथा मुळांत 'बृहत्कथे'च्या होत्या काय, याविषयीं मात्र पंडितांना शंका आहे. त्याच ग्रंथाचें बुधस्वामीनें केलेलें जें संस्कृत रूप नेपाळांत मिळालें, त्यांत या कथा नाहींत. त्या स्वतंत्रपणें फिरत असाव्या आणि काश्मिरांत त्या मोठ्या प्रवाहाला येऊन मिळाल्या असाव्या, असें बहुतेकांचें मत आहे. तें कांहींहि असो. काश्मिरांतल्या कवीनेंहि वेताळ ज्याच्या खांद्यावर बसविला, तो राजा गोदातीरचाच होता.

ग्रंथांतील कथेचा आरंभ असा आहे. क्षांतिशील नांवाचा एक भिक्षु रोज दरबारांत येऊन राजाला एक फळ देतो. राजा तें कोशाध्यक्षाच्या हातीं देतो. एके दिवशीं तें फळ एका पाळीव माकडाच्या हातीं जातें. तें फोडतें, आणि आंतून अमूल्य रत्न बाहेर पडतें. कोठारांत पाहतात तों साऱ्या फळांतून रत्नेंच निघतात. एवढी भेट कशासाठीं, असें विचारतां भिक्षु म्हणतो, मला एका साधनेंत वीर पुरुषाचें साह्य हवें आहे. वचनांत गुंतलेला राजा कृष्णपक्षांतील एका रात्रीं महास्मशानांत जातो, आणि शिंशपेच्या झाडावरचें प्रेत उतरवितो. पुढचें आपणांस ठाऊकच आहे.

वेताळाचे प्रश्न हे कोडीं नव्हेत. ते न्यायनिवाडे आहेत. नमुना म्हणून एकच सांगतों. मदनसुंदरी ही पति धवल आणि आपला भाऊ यांच्याबरोबर प्रवासांत असतां वाटेंत देवीचें मंदिर लागतें. धवल आंत जातो आणि भक्तीच्या आवेशांत स्वतःचें मस्तक कापून वाहतो. शोधीत गेलेला भाऊहि तेंच करतो. मदनसुंदरी प्राण द्यावयास निघते, तेव्हां देवी प्रसन्न होऊन सांगते, कीं मस्तकें धडांना लाव, दोघे उठतील. घाईंत ती पतीचें मस्तक भावाच्या धडाला आणि भावाचें पतीच्या धडाला लावते. आतां तिचा पति कोणता? राजा सांगतो, ज्याच्या धडावर पतीचें मस्तक तोच. कारण सर्व अवयवांत मस्तक श्रेष्ठ. उत्तर पटो वा न पटो, तें देतांना राजा क्षणभरहि कचरत नाहीं. आपलें मौन मोडलें तर प्रेत निसटेल आणि पुन्हां तीच वाट तुडवावी लागेल, हें तो पुरतेपणीं जाणतो, तरीहि बोलतो.

या कथांचा प्रवास मोठा विलक्षण आहे. सवाई जयसिंहाच्या आज्ञेवरून सुरति मिश्र यानें त्या ब्रज भाषेंत आणल्या. पुढें कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजांत मजहर अली खां विला आणि लल्लूलाल यांनीं त्यांचें हिंदुस्थानी रूप सिद्ध केलें, आणि तें १८०५ सालीं छापून निघालें. कंपनी सरकारच्या तरुण साहेबांना देशी भाषा शिकवावयाची, म्हणून वेताळ पाठ्यपुस्तकांत बसला! मराठींत 'वेताळपंचविशी' आली ती १८३० सालीं, सदाशिव काशीनाथ छत्रे यांच्या हातून. आपल्या मुलांसाठीं 'बाळमित्र' लिहिणारे छत्रे ते हेच. १८७० सालीं रिचर्ड बर्टन यानें यांतील कांहीं कथा इंग्रजींत आपल्या लहरीप्रमाणें फुलवून सांगितल्या. १९४० सालीं टॉमस मान या जर्मन कादंबरीकारानें मस्तकांच्या अदलाबदलीवर एक लघुकादंबरी लिहिली; तिच्यावरून गिरीश कार्नाड यांना 'हयवदन' हें कन्नड नाटक सुचलें, आणि त्याला मराठी रूप दिलें चिं. त्र्यं. खानोलकर यांनीं. खानोलकर हे वेंगुर्ल्याच्या परिसरांतले. काश्मीर, कलकत्ता आणि जर्मनी अशी प्रदक्षिणा करून वेताळाची ही गोष्ट वेंगुर्ल्याच्या माणसाच्या हातीं यावी, हा योगायोग मला मोठा गोड वाटतो. कारण वेताळाचें खरें घर तेथेंच आहे.

त्याच वेंगुर्ला तालुक्यांत आरवली येथें वेतोबाचें देवालय आहे. नवस फेडावयास येणारे लोक या देवाला केळ्यांचे घड वाहतात, आणि चामड्याच्या मोठमोठ्या वहाणा अर्पण करतात. देव रात्रीं गांवाच्या शिवेवरून फेरी घालतो, गांवाची राखण करतो, आणि त्या फिरतीनें त्याच्या वहाणा झिजतात, अशी तेथील श्रद्धा आहे. गोव्यांत आमोणें, लोलयें, पैंगीण या गांवींहि बेताळ हें दैवत आहे. पुण्याच्या पश्चिमेची उंच टेकडी त्याच्याच नांवानें ओळखली जाते. ग्रंथांतील वेताळ प्रेतांत वसणारा आणि कोंकणांतील वेतोबा गांव राखणारा. हे दोघे एक कसे, असें कोणी विचारील. पण ग्रंथाचा शेवट वाचला, म्हणजे आजीचें म्हणणें किती खरें होतें हें ध्यानांत येतें. तो शेवट मी थोड्या वेळानें सांगणार आहें. तत्पूर्वीं मला स्वतःविषयीं कांहीं सांगावयाचें आहे.

ज्या बिऱ्हाडीं आम्ही वेताळ पाहावयास जात असूं, त्या घरीं एक पोऱ्या कामाला होता. वयानें माझ्याहून दोन-तीन वर्षांनीं मोठा असेल. आम्ही बसलों म्हणजे तोहि मोरीशेजारीं उभा राहून पाहत असे. बसण्याची त्याला मुभा नव्हती. एका रविवारीं भाग संपल्यावर बोभाटा झाला, कीं फडताळांतील पन्नास रुपयांची नोट नाहींशी झाली. ती नोट त्या घरच्या थोरल्या मुलानें उचललेली मीं माझ्या डोळ्यांनीं पाहिली होती. संशय अर्थातच पोऱ्यावर गेला. "तूं दारापाशींच बसला होतास, कांहीं पाहिलेंस का रे?" असें मला विचारण्यांत आलें. पोऱ्या माझ्याकडे पाहत होता. मीं मान हालवून नाहीं म्हटलें. खरें बोललों, तर पुढच्या रविवारीं या उंबऱ्यावर आपल्याला कोणी बसूं देणार नाहीं, एवढा एकच हिशेब माझ्या मनांत होता.

दुसऱ्या दिवशीं त्याला गांवीं धाडण्यांत आलें. पुढच्या रविवारीं मोरीशेजारची जागा रिकामी होती. पडद्यावर राजानें प्रेत खांद्यावर घेतलें, गोष्ट झाली, आणि वेताळानें आपली अट सांगितली: ठाऊक असून बोलला नाहींस तर! त्या वेळीं मीं माझें डोकें दोन्ही हातांनीं गच्च धरून ठेवलें. शेजारचीं मुलें हसलीं. त्यांना वाटलें, मी भुताला भ्यालों. डोकें फुटलें नाहीं. घरीं आल्यावर आरशांत पाहून मीं तशी खात्री करून घेतली. परंतु त्या दिवसापासून मी हसण्याला भीत नसें. त्या अटीला भीत असें. पुढें मालिका संपली. आम्हीं चाळ सोडली. मी सारें विसरलों, असें मला वाटलें.

या पावसाळ्यांत मुलीबरोबर तो भाग पुन्हां पाहतांना मला प्रथम हसूं आलें. स्मशान म्हणजे रंगविलेला देखावा आणि थोडा धूर. वेताळाचें उड्डाण तर आतां लहान मूलहि ओळखील, अशी साधी युक्ति. त्या काळीं आमच्याकडे याहून चांगलें कांहीं नव्हतें, म्हणून तें आम्हांस अद्भुत वाटे. केस खोटे आहेत, हें मुलीनें पहिल्याच मिनिटाला सांगून टाकलें. पण त्या वृद्ध नटाचा आवाज मात्र अजून कानांत घुमतो, आणि ती अट त्यानें उच्चारली तेव्हां माझें हसूं मावळलें. मुलगी म्हणाली, "पण बाबा, राजाला उत्तर येतें हें वेताळाला कसें कळणार? माहीत नाहीं असें दाखवून तो गप्प बसला असता तर? प्रेत हातचें गेलें नसतें!"

श्रोतेहो, ज्या युक्तीवर माझें बालपणचें सारें शहाणपण उभें होतें, ती तिनें एका वाक्यांत मांडली. आतां ग्रंथाचा शेवट सांगतों. कारण तिच्या प्रश्नाचें उत्तर त्यांतच आहे.

शेवटच्या गोष्टींत बाप आणि मुलगा यांना वाटेवर दोन स्त्रियांचीं पावलें उमटलेलीं दिसतात. एक जोडी मोठी, एक लहान. मोठ्या पावलांची ती आई असेल, तिला बापानें वरावें, आणि लहान पावलांच्या मुलीला मुलानें, असा त्यांचा ठराव होतो. प्रत्यक्षांत मोठीं पावलें मुलीचीं निघतात. शब्दाला जागून बाप मुलीशीं आणि मुलगा आईशीं विवाह करतो. पुढें दोघींनाहि मुलें होतात. त्या मुलांचें परस्परांशीं नातें काय? राजा विचार करतो, आणि त्याला खरोखरच सांगतां येत नाहीं. तो गप्प राहतो आणि चालत राहतो. त्याचें डोकें फुटत नाहीं. वेताळ उडून जात नाहीं; उलट तो प्रसन्न होतो आणि राजाला सावध करतो: तो भिक्षु तुझाच बळी देणार आहे; तो साष्टांग नमस्कार घाल म्हणेल, तेव्हां आधीं तूं करून दाखव असें त्याला सांग. राजा तसें करतो, आणि नमस्कारासाठीं वांकलेल्या भिक्षूचें मस्तक उडवितो. रोज फळें आणून देणारा साधु घातकी ठरतो, आणि प्रेतांतला भयंकर वेताळ राखणदार ठरतो. आजीनें हात जोडले, ते योग्य जागींच जोडले होते.

दोन मौनांतला भेद तो हाच. न कळल्यामुळें आलेलें मौन निर्दोष असतें, आणि वेताळ तें ओळखतो. कळूनहि धरलेलें मौन कोणाला ओळखूं आलें नाहीं, तरी धरणाऱ्याला तें ओळखूं येतेंच. डोक्याचीं शकलें त्याच क्षणीं होतात असें नाहीं. कांहींना त्यासाठीं चाळीस वर्षें लागतात. नऊशें वर्षांहून अधिक काळ ही कथा राजवाड्यांत, शाळांत आणि चाळींत टिकून राहिली, ती भुताच्या केसांमुळें नव्हे; या अटीमुळें, असें मला वाटतें.

मीं मुलीला पोऱ्याची गोष्ट सांगितली. ती मीं त्यापूर्वीं कोणालाहि सांगितली नव्हती. तिनें ती शांतपणें ऐकून घेतली. मला दोष दिला नाहीं. थोड्या वेळानें एवढेंच विचारलें, "मग त्याचें पुढें काय झालें?"

तें मला ठाऊक नाहीं. त्याचें आडनांवहि मीं कधीं विचारलें नव्हतें. राजाप्रमाणें मीहि त्या प्रश्नावर गप्प राहिलों. पण राजाचें अज्ञान त्याच्या पदरीं आपोआप आलेलें होतें, आणि माझें अज्ञान मीं त्या रविवारीं उंबऱ्यावर बसून स्वतः मिळविलें होतें.